पहिल्या मजल्यावरचं बाथरूम: ड्रेनेज आणि व्हेंट पाइप स्लॅबच्या आधी कसे ठरवावे? (बेसा, नागपूर)

बेसा_लेआउट

नमस्कार मंडळी. बेसा भागात तळमजला अधिक एक असं घराचं काम चालू आहे. पहिल्या मजल्याच्या स्लॅबची सेंट्रिंग लागते आहे, म्हणून पाइपांचं आत्ताच पक्कं करायचं आहे.

बाथरूम आतून ८ बाय ५ फूट. उत्तरेची भिंत बाहेरची, तिला लागून कमोड. मध्ये बेसिन, दक्षिण टोकाला शॉवर. शॉवरच्या जाळीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत ७ फूट. खाली स्टोअर आणि तळमजल्याचं टॉयलेट. सध्या सेप्टिक टँक राहील, पुढेमागे गटार लाइन आली तर जोडू.

मिस्त्रींचं म्हणणं: ८ इंच सनकन (बाथरूमचा स्लॅब तेवढा खाली घेणं) पुरे, सगळं एकाच चार इंची पाइपात उतरवू, आणि एकच मजला असल्याने व्हेंट (हवेचा पाइप) लागत नाही. हे तिन्ही बरोबर आहे का? कमोड पी-ट्रॅप घ्यावा की एस-ट्रॅप, हेही सांगा.

पाणसाळ

भाऊ, स्लॅबच्या आधी विचारलं हे उत्तम. आधी खोलीचा हिशोब, कारण काँक्रीट पडल्यावर तो बदलत नाही.

शॉवरच्या जाळीपाशी किती जाडी लागते ते खालून वर मोजा. सनकनच्या तळाचं वॉटरप्रूफिंग प्लास्टर ढाळासकट ४० एमएम. त्यावर पाइपाखालचं पॅकिंग २५. सात फूट म्हणजे २.१ मीटर, चाळिसात एक ढाळ धरला तर ५३ एमएम. पाइप ७५ चा. वर ट्रॅपची (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा भाग) गळपट्टी, मसाला आणि टाइल मिळून ६०. बेरीज २५३ एमएम.

आता जागा किती मिळते ते पाहा. ८ इंच म्हणजे २०३. बाहेरच्या खोलीची फरशी स्लॅबवर ५० एमएम चढते, तेवढी भर. बाथरूम खोलीपेक्षा २० खाली, आणि दारापासून जाळीपर्यंत फरशीचा उतार आणखी २०. राहिले २१३. म्हणजे ४० एमएम कमी. मग साइटवर काय होतं? पाइपाचा ढाळ मारला जातो किंवा वॉटरप्रूफिंग पातळ होतं. दोन्ही फरशीखाली गाडलं जातं, त्यामुळे तेव्हा दिसत नाही.

१० इंच सनकन घ्या. त्यात २६४ मिळतात आणि ११ एमएम हाताशी राहतात.

कमोड पी-ट्रॅपच घ्या. त्याचं तोंड तयार फरशीपासून साधारण १८५ एमएम उंचीवर भिंतीतून थेट बाहेर जातं, सनकनमधली जागा खात नाही. एस-ट्रॅपला फरशीखाली ११० चा बेंड बसवावा लागतो. त्याचं सॉकेट धरून दहा इंचांतही ओढाताण होते. वॉल-हंग घेणार असाल तर तोंडाची उंची कंपनीच्या ड्रॉइंगमधूनच घ्या, अंदाजाने भिंत फोडू नका.

ओळंबा

पाणसाळ भाऊंच्या हिशोबाला एक जोड. शॉवरचा ७५ चा पाइप उत्तरेच्या बीममधून बाहेर पडणार. बीम १८ इंची असेल तर त्या छिद्राचा मध्य बीमच्या वरच्या कडेपासून साधारण ६ इंच खाली येतो. सळया बांधायच्या वेळीच ११० च्या पाइपाचा तुकडा स्लीव्ह म्हणून ठेवा, दोन्ही तोंडं टेपने बंद करून. जागा आरसीसी डिझायनरला दाखवूनच ठरवा. कॉलमच्या जवळ नको, आणि तो सांगेल तिथे जादा रिंगा टाका. नंतर कोअर कटिंगने बीमची सळई कापली गेली तर ते दुरुस्त होत नाही.

स्लीव्हमध्ये पाइप सिमेंटने घट्ट भरू नका. भोवतीच्या फटीत लवचीक सीलंट. पाइपाला हलायला जागा हवी.

दुसरं, सनकनच्या तळाला सर्वांत खालच्या कोपऱ्यात ४० एमएमचा स्पाउट बाहेर काढा. कधी गळती झालीच तर पाणी खालच्या स्टोअरच्या छतात न मुरता बाहेर टपकतं आणि लगेच कळतं. हा स्पाउट मलपाण्याच्या पाइपात जोडायचा नाही, मोकळा सोडायचा, तोंडाला जाळी लावून.

बेसा_लेआउट

१० इंच पक्कं. बीमची स्लीव्ह उद्याच डिझायनरला विचारतो. आता एक पाइप की दोन, आणि व्हेंट?

ओळंबा

तुमच्या जागेसाठी दोन पाइप. कमोडचा ११० चा उभा पाइप वेगळा, शॉवर-बेसिनचा ७५ चा वेगळा. ११० थेट चेंबरमध्ये (तपासणीच्या कुंडीत). ७५ खाली गली ट्रॅपमध्ये (जमिनीलगतचा, जाळीचा ट्रॅप). सेप्टिक टँकमध्ये साबण-डिटर्जंटचं पाणी जितकं कमी जाईल तितकं बरं, कारण त्या पाण्याच्या लोंढ्याने मैला तळाशी बसायला वेळ मिळत नाही आणि गाळ पुढे वाहत जातो. दोन पाइप वेगळे असतील तर आत्ता न्हाणीचं पाणी शोषखड्ड्याकडे नेता येतं आणि उद्या गटार लाइन आली की दोन्ही चेंबरमध्ये एकत्र करता येतात. एकच पाइप केला तर हा पर्याय कायमचा गेला.

आता व्हेंट. "एकच मजला आहे म्हणून लागत नाही" हे बरोबर नाही. ट्रॅपमध्ये अडवलेलं ५० एमएम पाणी, एवढाच गटाराच्या वायूत आणि घरात पडदा असतो. कमोड फ्लश झाला की पाण्याचा गोळा उभ्या पाइपातून खाली पडतो. तो खाली जाताना मागे हवा ओढतो आणि पुढे हवा दाबतो. वरून हवा यायला रस्ता नसेल तर ती जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि ट्रॅपमधलं पाणी सोबत घेऊन जाते. पुढे दाबलेल्या हवेला वाट नसेल तर ती खालच्या मजल्याच्या ट्रॅपमधून बुडबुडे काढत वर येते. उलटी धरलेली पाण्याची बाटली गडगड आवाज करत रिकामी होते, तोच प्रकार.

तुमच्याकडे उपाय स्वस्त आहे. दोन्ही उभे पाइप पहिल्या मजल्यावर डेड न करता त्याच व्यासाने गच्चीच्या वर न्या आणि काउल (हवा जाऊ देणारी जाळीची टोपी) लावा. जादा खर्च पाइपाच्या दोन-दोन लांब्या, काही क्लॅम्प आणि दोन काउल एवढाच. कमोड उभ्या पाइपापासून फूटभर आणि शॉवर सात फुटांवर असल्याने वेगळी अँटी-सायफन लाइन (ट्रॅपला हवा देणारा जादा पाइप) लागत नाही. ७५ च्या पाइपात शॉवरचं पाणी पाइप भरून वाहत नाही, वर हवेला जागा राहते.

पाणसाळ

काउलवरून आठवलं. ज्या उभ्या पाइपाला वर टोपी बसवून बंद केलेलं दिसतं, तिथे बहुतेक कोणाला तरी गच्चीवर वास येत होता. वास थांबवायचा तर पाइप उंच करायचा असतो. गच्ची वापरात असेल तर पाइपाचं तोंड गच्चीच्या वर किमान २ मीटर. ३ मीटरच्या आत खिडकी असेल तर तिच्या माथ्याच्याही वर. आणि शेवटच्या टप्प्यात व्यास कमी करू नका. ११० चा रिड्युसर लावून ५० करणं म्हणजे पैसे वाचवून काम अर्धवट ठेवणं.

नागपुरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते: कूलर. डेझर्ट कूलर बाहेरची हवा तासन्‌तास ओढत असतो. व्हेंटचं तोंड कूलरच्या बाजूला किंवा त्याच्या वाऱ्याच्या दिशेला आलं तर गटाराचा वास थेट बेडरूममध्ये. कूलरची खिडकी कुठली ते आत्ताच ठरवा आणि व्हेंट त्यापासून लांब आणि उंच ठेवा. ओव्हरहेड टाकीच्या झाकणापासूनही दूर.

सदर_चौक

थोडं वेगळं विचारते. फ्लॅटमध्ये घर महिनाभर बंद राहिलं की मे महिन्यात उघडल्यावर बाथरूममध्ये असह्य वास येतो. पावसाळ्यात येत नाही. हे व्हेंटमुळेच का?

पाणसाळ

ताई, फक्त उन्हाळ्यात आणि घर बंद असतानाच येत असेल तर बहुधा व्हेंट नाही, ट्रॅप सुकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी, त्यात नहाणी ट्रॅपचं (फरशीच्या जाळीखालच्या ट्रॅपचं) तोंड उघडं. बाहेर जाण्याआधी प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी आणि त्यावर दोन चमचे खाण्याचं तेल टाका. तेलाचा पातळ थर बाष्पीभवन रोखतो. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून जाऊ नका. तो बंद बाथरूममधली हवा ओढतो आणि सुकलेल्या ट्रॅपमधून वास अजून वेगाने वर येतो.

पण घरात माणसं असताना, रोज वापर असताना वास येत असेल तर तपासायची पद्धत वेगळी. जाळी काढा, टॉर्च मारून ट्रॅपमधल्या पाण्याकडे पाहा आणि कोणाला तरी फ्लश करायला सांगा. पाण्याची पातळी खाली ओढली जाऊन परत वर येत असेल आणि शेवटी आधीपेक्षा खाली थांबत असेल तर हवा कमी पडते, म्हणजे व्हेंट. पाणी उसळून बुडबुडे येत असतील तर खाली दाब होतो, म्हणजे पुढे तुंबलंय किंवा पायथ्याचा बेंड चुकलाय. पाणी स्थिर राहिलं आणि तरी वास आहे, तर कमोडचा पॅन कनेक्टर किंवा फरशीखालचा सांधा पाहा.

ओळंबा

बेसा_लेआउट, ट्रॅप सुकण्याचा विषय निघालाच आहे तर बेसिनची जोडणी आत्ताच ठरवून घ्या. बेसिनचा पाइप सरळ ७५ च्या फांदीला न जोडता मल्टी-इनलेट नहाणी ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात आणा. रोज हात धुतले की ट्रॅपमध्ये ताजं पाणी येतं, शॉवर वापरात नसला तरी सील भरलेलं राहतं. हे तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीच्या वर असलं पाहिजे. तसं असेल तर बेसिनचा बॉटल ट्रॅप आणि हा ट्रॅप यांच्यात हवा कोंडत नाही, कारण जाळीतून हवा मिळते.

बॉटल ट्रॅपचं तोंड ३२ एमएमचं. तो भिंतीत शिरताच पाइप ४० किंवा ५० चा करा. ३२ तसाच लांब नेला तर पाणी पाइप पूर्ण भरून वाहतं आणि शेवटी बॉटल ट्रॅप स्वतःचंच पाणी ओढून रिकामा करतो. बेसिनमधून शेवटी जी गुरगुर ऐकू येते ती हीच.

वॉशिंग मशीन इथे ठेवणार असाल तर त्याचं पाणी या ट्रॅपमध्ये नको. मशीन पंपाने पाणी फेकतं, फेस जाळीतून वर येतो. त्याला स्वतःचा ट्रॅप असलेला ५० चा उभा तुकडा, तोंड फरशीपासून दोन ते अडीच फूट.

महाल_वाडा

ओळंबा भाऊ, जुन्या घरांत काय करायचं ते पण सांगा. महालात वाड्याच्या मधल्या खोलीत टॉयलेट करायचं असलं तर बाहेरची भिंत १५ फूट दूर राहते. तिथं कमोड, बेसिन, शॉवर एकाच आडव्या लाइनवर येऊन राहिलेत. तिथं पण फक्त उभा पाइप वर नेऊन भागते काय?

ओळंबा

नाही, तिथे आडव्या फांदीला स्वतःचा व्हेंट द्या. लांब फांदीवर तीन-चार गोष्टी आल्या की एकाचं पाणी दुसऱ्याच्या ट्रॅपसमोरून जातं, आणि उभ्या पाइपातली हवा तिथे वेळेत पोचत नाही.

कमोडच्या ट्रॅपच्या माथ्यापासून ७५ ते ४५० एमएमच्या दरम्यान, आडव्या पाइपाच्या वरच्या अंगाने ५० चा व्हेंट काढा. बाजूने काढला तर त्यात मैलापाणी शिरतं आणि काही महिन्यांत तो बुजतो. वरून किंवा निदान ४५ अंशांच्या वर उभा. तिथून तो भिंतीतून सरळ वर जाऊ द्या. आडवा वळवायचा तर बेसिनच्या काठाच्या किमान ६ इंच वर गेल्यावरच. साधारण बेसिन फरशीपासून ३२-३३ इंच, म्हणजे आडवा टप्पा सव्वातीन फुटांच्या वर. यामागचं कारण असं की खाली तुंबलं तर पाणी आधी बेसिनमध्ये दिसावं, व्हेंटमध्ये चढून तिथे गाळ सोडू नये. आडव्या व्हेंटलाही थोडा उतार द्या, फांदीच्या दिशेने, म्हणजे आत धरलेलं दव परत गटारात उतरतं. मग तो मुख्य उभ्या पाइपाला सर्वांत वरच्या फांदीच्याही वर जोडा किंवा स्वतंत्र गच्चीवर न्या.

लांब फांदीचा ढाळ हाही महत्त्वाचा. ११० ला चाळिसात एक ते साठात एक. १५ फूट म्हणजे ४.५ मीटर, साठात एक धरलं तर ७५ एमएम उतार, चाळिसात एक धरलं तर साधारण ११३. ५० च्या पाइपाला बेसिनसाठी पन्नासात एक, म्हणजे मीटरला २० एमएम. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंत एकूण उतार पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त पडला तर व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या पातळीखाली जातं आणि सायफन चालू होतो. म्हणून ५० च्या पाइपात व्हेंट अडीच मीटरच्या आत हवा. "जास्त उतार म्हणजे जास्त चांगलं" हे इथे लागू होत नाही.

महाल_वाडा

आणि हवा आत घेणारा वॉल्व्ह मिळते म्हणतात, तो लावला तर गच्चीपर्यंत पाइप न्यायची गरज काहून राहील?

पाणसाळ

भाऊ, तो वॉल्व्ह फक्त हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. ओढ भागते, दाब भागत नाही. त्या लाइनवर कुठे तरी एक उघडा व्हेंट गच्चीवर असलाच पाहिजे, मग मधल्या फांदीला वॉल्व्ह चालतो. तो भिंतीत बंद करून टाइल लावायची नसते. आतलं रबर खराब झालं की बदलता आलं पाहिजे. शक्य असेल तिथे पाइपच न्या, त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

बेसा_लेआउट

माझ्याकडे कॉमन टॉयलेट बाथरूमपासून १२ फुटांवर आहे. त्याची पश्चिमेची भिंत बाहेरची आहे. फांदी उत्तरेला आणू की वेगळा उभा पाइप करू?

पाणसाळ

वेगळा उभा पाइप. पश्चिमेला उन्हाचा मारा आहे, एवढं लक्षात ठेवा. पीव्हीसी उन्हात लांबतं: मीटरला दर अंशाला साधारण ०.०७ एमएम. ३ मीटरच्या लांबीत हिवाळ्याची पहाट आणि मेमधली दुपार यांत ४० अंशांचा फरक धरला तर ८ एमएमपेक्षा थोडं जास्त. म्हणून बाहेरच्या उभ्या लाइनला रिंगफिट (रबरी रिंगच्या सांध्याचा) पाइप घ्या, सोल्युशनचा (चिकटवायचा) नाही. सोल्युशनने सगळं घट्ट चिकटवलं की हा ताण टीच्या मानेवर येतो आणि तिथे बारीक चीर पडते.

रिंगफिटचा सांधा असा करा. पाइपाचं टोक काटकोनात कापा, कानसीने बाहेरून तिरपं करा, नाहीतर रिंग उचलली जाते आणि घडी पडते. सॉकेटच्या खाचेतली रेती, माती फडक्याने पुसा, रिंग पूर्ण बसली का बोट फिरवून पाहा. टोकाला लुब्रिकंट किंवा साबणाचं पाणी लावा. ऑइल-ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं. पाइप शेवटपर्यंत ढकला, सॉकेटच्या काठाशी पेन्सिलने खूण करा, आणि खूण १० एमएम बाहेर येईपर्यंत मागे ओढा. हीच लांबण्याची जागा. मग क्लॅम्प: प्रत्येक सॉकेटच्या खाली एक घट्ट, मधला सैल, म्हणजे पाइप सरकू शकतो. आडव्या लाइनीला ११० साठी साधारण दर मीटरला आधार, ७५ साठी पाऊण मीटरला.

सनकनमध्ये मात्र सोल्युशनचे सांधे चालतात. उन्हाळ्यात ते काम सकाळी करा. दुपारी ब्रश फिरवेपर्यंत सोल्युशन सुकायला लागतं, सांधा वरून धरलेला वाटतो आणि आत कोरडा राहतो. पाव वळसा देऊन अर्धा मिनिट दाबून धरा, पाणी दुसऱ्या दिवशी.

बाहेरच्या पाइपाला रंग द्या, उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतं.

ओळंबा

पाइप घेताना आयएस १३५९२ (भारतीय मानक) चा शिक्का आणि टाइप पाहा. ए टाइप पावसाच्या पाण्यासाठी आणि व्हेंटसाठी, बी टाइप मलपाणी-सांडपाण्यासाठी. ११० मध्ये ए ची भिंत किमान २.२ एमएम, बी ची ३.२. उभा पाइप खालपासून वरपर्यंत बी घ्या. दुकानात ७५ ला कोणी अडीच इंची म्हणतं, कोणी तीन इंची. म्हणून एमएममध्येच मागा.

पावसाचा पाइप मलपाण्याच्या पाइपाला जोडायचा नाही. नागपुरात पाऊस पडतो तेव्हा तासाभरात लाइन भरतो, सेप्टिक टँक ढवळला जातो आणि तळमजल्याचा कमोड उलटा भरतो.

अंबाझरी_रोड

हे उलटं भरण्याबद्दल थोडं अजून सांगाल का? २०२३ च्या २३ सप्टेंबरला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यांत कमोड आणि नहाणीतूनच आधी पाणी येणार हे उघड आहे. रोखायचं कसं?

ओळंबा

दोन भाग. पहिला: वरच्या मजल्याचा उभा पाइप आणि तळमजल्याच्या टॉयलेटची लाइन कधीही एकत्र करू नका, दोन्ही स्वतंत्रपणे चेंबरपर्यंत न्या. दुसरा: फक्त तळमजल्याच्या लाइनवर, चेंबरच्या आधी, नॉन-रिटर्न वॉल्व्ह. तो वेगळ्या छोट्या चेंबरमध्ये, वरून झाकण उघडून साफ करता येईल असा. झडपेत कापड किंवा प्लास्टिक अडकलं तर ती बंद होत नाही, म्हणून पावसाळ्याआधी उघडून पाहावीच लागते. दोन्ही लाइन एकत्र करून त्यावर वॉल्व्ह लावला तर वॉल्व्ह बंद असताना वरच्या फ्लशचं पाणी तुमच्याच तळमजल्यात येईल. म्हणून लाइन वेगळ्या ठेवण्याला पर्याय नाही.

बेसा_लेआउट, तुमच्याकडे तळमजल्याचं टॉयलेट बरोबर खालीच आहे, म्हणून हे तुम्हालाही लागू. उभ्या पाइपाच्या पायथ्याशी ९० चा एक बेंड न लावता ४५ चे दोन लावा. तिथे पाणी आदळून दाब तयार होतो. पायथ्यापासून ४५० एमएमच्या आत कोणतीही फांदी जोडायची नाही.

पाणसाळ

आता जमिनीखालचं, कारण बेसा-मानेवाडा भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइप तिच्यातच गाडला तर सांधे उघडतात आणि ढाळ मोडतो.

चर पाइपापेक्षा फूटभर रुंद. तळात ४ इंच कन्हानची रेती किंवा चुरी, दाबून. पाइप ठेवून दोन्ही बाजूंनी आणि वर ४ इंच तीच रेती. त्यावर मुरूम. निघालेली काळी माती परत चरात टाकू नका. विटांच्या तुकड्यांवर पाइप टेकवून मग माती ढकलायची पद्धत सोडा. दोन टेकूंच्या मध्ये पाइप झोल धरतो आणि तिथेच मैला साचतो.

प्लिंथमधून बाहेर येताना १६० ची स्लीव्ह. भिंतीबाहेर लगेच एक रिंगफिट सांधा, आणि पुढे दोन-अडीच फुटांवर दुसरा. घर आणि माती वेगवेगळं हलतात, तो फरक हे दोन सांधे घेतात.

पाणसाळीने ढाळ तपासा, डोळ्याने नाही. ११० साठी चाळिसात एक: घरापासून चेंबर ९ मीटर असेल तर २२५ एमएम, म्हणजे जवळपास ९ इंच. प्रत्येक वळणावर चेंबर, आतून दीड बाय दीड फूट, तळात सिमेंटची अर्धगोल नाली आणि बाजूला उतार; सपाट तळ ठेवला की मैला कोपऱ्यात बसतो. गली ट्रॅपचा काठ आजूबाजूच्या फरशीपेक्षा दोन-तीन इंच वर, नाहीतर अंगणाचं पाणी आत येतं.

सेप्टिक टँकला स्वतःचा व्हेंट, किमान ५० एमएम, तोंडाला डासांची जाळी. टाकी घराला लागून असेल तर तो पाइपही घराच्या माथ्यावर न्या. शोषखड्डा काळ्या मातीत थांबवू नका, खाली मुरूम लागेपर्यंत जा. काळी माती भिजली की पाणी घेत नाही.

बेसा_लेआउट

यादी करून पाहतो, उत्तरेच्या बाजूची. तपासा.

११० बी टाइप, ३ मीटरच्या ४ लांब्या (जमीन ते पहिला मजला ३.६, तिथून गच्ची ३.२, वर २, उरलेला तुकडा चेंबरकडे). ७५ बी टाइप, ४ लांब्या, त्यातच शॉवरची २.१ मीटर फांदी. ११० ची डोअर टी (साफसफाईचा दरवाजा असलेली) १, ४५ चे बेंड २, काउल १. ७५ ची साधी टी १, ४५ चे बेंड २, काउल १. मल्टी-इनलेट नहाणी ट्रॅप १. बेसिनसाठी ४० चा पाइप एक लांबी. क्लॅम्प ११० चे ८, ७५ चे ८. रिंगा, लुब्रिकंट, सोल्युशन.

ओळंबा

दोन दुरुस्त्या. ११० च्या चार लांब्या १२ मीटर होतात, उभ्यालाच ८.८ लागतात. उरलेले ३.२ चेंबर अगदी जवळ असेल तरच पुरतील. चेंबर ९ मीटरवर असेल तर आणखी २ लांब्या घ्या. आणि ७५ ला साधी टी नको, डोअर टी घ्या. केस आणि साबण तिथेच साचतात. शक्य असेल तर आतून वळण असलेली स्वेप्ट टी. सरळ टीमध्ये पाणी समोरच्या भिंतीवर आदळून उभ्या पाइपाचा हवेचा रस्ता क्षणभर बंद होतो.

पाणसाळ

डोअर टीचा दरवाजा भिंतीकडे फिरवून बसवला जातो, तेवढं तुम्ही स्वतः उभं राहून पाहा. दरवाजा बाहेरच्या बाजूला, आणि शिडी लावून हात पोचेल असा. बोल्ट हाताने सुटतील एवढेच आवळा.

चाचणीचा क्रम: सनकनचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाइपाआधी ४८ तास पाणी भरून ठेवा. मग पाइप टाका, बाहेरचं टोक प्लगने बंद करा, जाळीपर्यंत पाणी भरा, पातळीवर खूण करा आणि रात्रभर तसंच ठेवा. पातळी खाली गेली तर सांधा शोधा. फरशीखाली गेलेला सांधा नंतर फोडूनच मिळतो. पाइप जागेवर असताना टेप लावून वरून आणि दोन बाजूंनी फोटो काढा, भिंतीपासूनची मापं फोटोत दिसली पाहिजेत. त्यानंतरच ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव). कोबा भरताना मजूर पाइपावर पाय देतात, म्हणून आधी पाइपाच्या दोन्ही बाजूंनी हाताने मसाला भरून घ्या.

बेसा_लेआउट

डिझायनरने बीमची स्लीव्ह मंजूर केली, उत्तरेच्या कॉलमपासून अडीच फूट आत, भोवती जादा रिंगा टाकून. शॉवरची फांदी त्या रेषेत आणायची तर तिला मध्ये एक ४५ चा बेंड द्यावा लागेल. चालेल?

ओळंबा

चालेल. फांदीची लांबी किती वाढते ते मोजा. फूटभर वाढली तर ढाळात ८ एमएम जातात आणि हाताशी असलेल्या ११ पैकी ३ उरतात. त्यापेक्षा शॉवरची जाळीच स्लीव्हच्या रेषेत सरकवा, बेंडही वाचेल.